चौतीस दाते

आमच्या सुरतेस घाट नाही. तापीकाठचे हे गाव परातीसारखे सपाट. सायकलस्वाराच्या वाट्यास जो काय चढ येतो तो पुलांचा. लिंबायतेत तर त्याहून निराळी तऱ्हा. येथे रेल्वेच्या गरनाळ्यात आधी उतरावयाचे आणि मग पलीकडे वर यावयाचे. पावसाळ्यात उतरणे तेवढे आपल्या हाती असते. अशा ठिकाणी चाळीसहून अधिक वर्षे सायकलदुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या माणसाने, धंदेवाईक शर्यतपटू उभा डोंगर कोणत्या गिअरवर चढतात याविषयी लिहावे, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु अलीकडे हा विषय आमच्या घरात शिरला आणि एक जुना हिशेब उघडून बसला.

निमित्त आमच्या जिभाऊंच्या नातीचे. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगावयाचे तर जिभाऊ म्हणजे थोरले बंधू. १९७२ च्या दुष्काळाने शिंदखेड्याकडील आमच्या कोरडवाहू जमिनीचा निकाल लावला, आणि पुढल्याच वर्षी आम्ही दोघे भाऊ ताप्ती व्हॅलीच्या गाडीने उधन्यास उतरलो. जिभाऊ लूमच्या खात्यात लागले, आम्ही एका सायकलवाल्याच्या हाताखाली. पुढे आमचे स्वतःचे दुकान झाले. जिभाऊ आता बहात्तर वर्षांचे आहेत. रोज संध्याकाळी दुकानाच्या दाराशी स्टुलावर बसतात, आणि डावा पाय समोर लांब सोडून ठेवतात. तो पाय गुडघ्यात पुरता वाकत नाही. येणारेजाणारे गिऱ्हाईक तो ओलांडून आत येते. सर्वांस सवय आहे.

२०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. पाच दिवस, सव्वाचारशे किलोमीटरांहून अधिक रस्ता, देशोदेशीचे संघ आणि वाटेत सह्याद्रीचे चढ. आमची नात कॉलेजातून येऊन मोबाइलवर ती पाहत असे. शर्यत संपली, पण तिच्या डोक्यातून काही ती गेली नाही. महिन्याभरात एक जुनी गिअरची सायकल तिने कोणाकडून तरी विकत घेतली आणि दुकानात आणून उभी केली.

“नाना, मैत्रिणींबरोबर सापुताऱ्याला जायचंय. मागे किती दात्यांची कॅसेट बसवू?”

आम्ही काही म्हणण्याच्या आत स्टुलावरून जिभाऊंनी विचारले, “पुढे किती आहेत?”

“लहान चक्राला चौतीस, आबा. मागेही चौतीसचीच घेईन म्हणते.”

“चौतीस? मागे?” जिभाऊ हसले. “ती काय चक्री म्हणायची का जेवायची थाळी? एवढ्यावर तर पोरगी बसल्या जागी पाय हलवत राहील.”

पोरगी रागावली. तिने तिथल्या तिथे युरोपातील एका डोंगराची शर्यत काढून आजोबांच्या पुढ्यात धरली, आणि त्या दिवसापासून पंधरा दिवस आमच्या दुकानात पंक्चरांपेक्षा दात्यांची चर्चा अधिक झाली.

ज्यांचा सायकलशी संबंध हवा भरण्यापुरताच येतो, त्यांच्यासाठी थोडे खुलाशाने लिहितो. आपली नेहमीची काळी सायकल असते, तिला पुढे बहुधा ४४ दात्यांचे चक्र आणि मागे १८ दात्यांचे फ्रीव्हील असते. पायडलचा एक फेरा मारला की ती जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यास हे उत्तम. शर्यतीच्या सायकलीवर पुढे ३४ आणि मागेही ३४ दाते लावले, तर पायडलच्या एका फेऱ्यास मागचे चाकही एकच फेरा घेते आणि सायकल दोन मीटरांहून किंचित अधिक सरकते. डोंगर चढण्याचे एकंदर काम दोन्हींवर तेवढेच. कर्ज तेच असते, हप्ता लहान होतो.

आता नातीने दाखविलेला तो डोंगर. स्पेनच्या आस्तुरियास प्रांतात आंगलिरू नावाचा घाट आहे. लांबी साडेबारा किलोमीटर, चढ सरासरी शंभरास दहा, आणि माथ्याच्या अलीकडे एके ठिकाणी शंभरास तेवीसहून अधिक. म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना तेवीस मीटर वर. हा आकडा किती भयंकर आहे हे समजावयाचे तर आपला बोरघाट आठवावा. तेथील रेल्वेचा सर्वांत कठीण चढ सदतीस फुटांस एक फूट, म्हणजे शंभरास पावणेतीनही नव्हे, आणि तेवढ्यासाठी कर्जतला गाडीच्या पाठीशी जादा इंजिने लावावी लागतात! आंगलिरूवर माणसाच्या पाठीशी कोणी नसते. स्पेनच्या मोठ्या शर्यतीत हा घाट प्रथम १९९९ साली आला आणि होसे मारिया हिमेनेस तेथे जिंकला. २०२५ च्या सप्टेंबरात पोर्तुगालचा जुआंव आल्मेइदा तेथे डेन्मार्कच्या योनास विंगेगोरला मागे ठेवून पहिला आला. नातीने जिभाऊंना दाखविली ती हीच शर्यत.

आम्ही पाटीवर हिशेब मांडला. त्या तेवीसच्या चढावर जगातील निवडक पहिलवानही ताशी नऊ किलोमीटरांच्या आसपास जातो, म्हणजे मिनिटास दीडशे मीटर. पुढे ३४ आणि मागे ३४ असल्यास त्याचे पाय मिनिटास सत्तर फेरे घेतात. पूर्वीच्या रिवाजाप्रमाणे पुढे ४२ आणि मागे २४ असते तर चाळीसच. आणि आपली काळी सायकल तेथे नेली तर अठ्ठावीस! अठ्ठावीस फेऱ्यांवर सायकल चालविणे म्हणजे प्रत्येक फेऱ्यात जिना एकेका पायरीने न चढता दोन-तीन पायऱ्या एकदम चढणे. असे एखाद्या मजल्यापर्यंत जमते. धंदेवाईक स्वाराची गोष्ट अशी की त्याला उद्याही चढावयाचे असते आणि परवाही. तीन आठवड्यांच्या शर्यतीत मांडीतील जोर हे त्याचे भांडवल, आणि ते एका वळणावर उधळून चालत नाही. शिवाय फेरे फार मंद झाले की सायकल डोलू लागते. स्वार उभा राहून जोर करतो तेव्हा ओल्या रस्त्यावर मागचे चाक जागीच घसरते. म्हणून आदल्या दिवशीच संघाचे मिस्त्री उद्याच्या चढाचा नकाशा आणि हवामान पाहतात, स्वाराचे पाय किती थकले आहेत ते विचारतात आणि त्याप्रमाणे दाते ठरवितात.

दात्यांची संख्या वाढविली की झाले, असेही नव्हे. त्याच सायकलीने त्याला उतारावर मोटारीच्या वेगाने धावावयाचे असते, तेव्हा मागे ११ दात्यांची चक्रीही हवीच. अकरापासून चौतीसपर्यंत बारा चक्र्या बसविल्या की दोहोंमधले अंतर वाढते. मग कोठे पाय फार भराभर फिरतात, कोठे अडतात. एका जपानी कारखान्याने २०२१ साली शर्यतपटूंसाठी पुढे ५४ आणि ४० अशी जोडी काढली ती याच ओढाताणीतून. सपाटीवर वेग वाढला म्हणून पुढे मोठे चक्र, आणि घाटात पाय वाचावेत म्हणून मागे चौतीस.

जिभाऊंनी हे सर्व ऐकून घेतले आणि विचारले, “पण हे लोक एवढे दमदार, तर यांना लाज नाही वाटत?”

प्रश्न वेडगळ वाटेल, पण या विषयाचा इतिहास म्हणजे याच प्रश्नाचा इतिहास आहे. फ्रान्सच्या प्रसिद्ध शर्यतीचा संस्थापक आंरी देग्रांज याने १९०२ सालीच लिहून ठेवले होते की बदलते गिअर पंचेचाळीस वर्षांवरील मंडळींना ठीक. खऱ्या पुरुषाने आपल्या स्नायूंच्या बळावर जिंकावे. (पंचेचाळिशी ओलांडून आम्हांस बराच काळ लोटला, तेव्हा आम्हांस त्याची परवानगी आहे असे समजतो.) त्याच्या शर्यतीत १९३७ पर्यंत साखळी एका चक्रीवरून दुसरीवर नेणारी यंत्रणा धंदेवाईक स्वारांस वापरू देत नसत. मागच्या चाकाच्या दोन अंगांना दोन निरनिराळ्या चक्र्या असत. घाटाच्या पायथ्याशी स्वाराने खाली उतरावयाचे, चाक काढावयाचे, उलटे फिरवून बसवावयाचे आणि मग चढावयाचे! इटलीतील तुल्लिओ कंपान्योलो हा १९२७ साली एका शर्यतीत असाच डोंगरात थंडीने गारठलेल्या बोटांनी चाकाचे नट सोडवू शकला नाही, आणि त्यातूनच पुढे एका खटक्यासरशी चाक सुटावे अशी युक्ती त्याने काढली, अशी कथा सांगतात.

या सर्वांत आम्हांस जवळचा वाटतो तो पॉल द व्हिव्ही. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने तो लिहीत असे. फ्रान्समधील सेंत-एत्येन हे रेशमी फितींच्या विणकामाचे गाव. हा गृहस्थ मुळात रेशमाच्या व्यापारातला. तो धंदा सोडून त्याने सायकलींचे दुकान काढले आणि सायकलींविषयीचे मासिक चालविले. डोंगरात हिंडणाऱ्या साध्या माणसास अनेक गिअर हवेत, असे तो देग्रांजच्या कानीकपाळी ओरडत राहिला. कापडाच्या गावातला सायकलवाला! लिंबायतेत त्याचे दुकान आमच्या शेजारी सहज खपून गेले असते.

१९३७ नंतरही लाज लगेच गेली नाही. एडी मर्क्सच्या काळी पुढचे लहान चक्र ४२ दात्यांचे असे. प्रसिद्ध कंपान्योलो क्रँकवर बोल्टांचे वर्तुळच एवढे मोठे की ४१ हून लहान चक्र त्यावर बसतच नसे. पुढे ३९ आले. ३४ चे चक्र या शतकाच्या आरंभी निघाले तेव्हा ते हौशी लोकांचे म्हणून काहींनी नाके मुरडली, आणि मग आंगलिरूसारख्या घाटांनी ती नाके सरळ केली. आज जिंकणाराच बत्तीस-चौतीस दाते लावून चढतो आणि त्याला कोणी हसत नाही.

आता तो हिशेब.

१९८२ सालचा चैत्र. वणीच्या सप्तशृंगीस लिंबायतेतून माणसे पायी जात असत, आजही जातात. आमच्या गल्लीतील आठ-दहा जणांनी त्या वर्षी सायकलींनी जावयाचे ठरविले. जिभाऊ तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे, अंगाने काटक, आणि मुंबई-पुणे शर्यतीचे वेड घेतलेले. बोरघाटात जो पहिला येतो तो ‘घाटाचा राजा’. हे शब्द ते असे उच्चारीत की वाटे, किरीट तयारच आहे. बारा तासांची पाळी संपवून पहाटे ते पुलांवर चढ-उतार करीत. चहाच्या टपरीवर त्यांनी सर्वांसमक्ष सांगून टाकले: सापुताऱ्याचा घाट पाय न टेकता चढून दाखवीन.

त्यांची सायकल तयार करण्याचे काम अर्थात आमचे. आम्ही पुढे ४८ चे चक्र चढविले आणि मागे १६ चे फ्रीव्हील. शर्यतवाल्यांची सायकल ‘जड’ असते असे कोणाकडून तरी ऐकले होते. एका फेऱ्यास साडेसहा मीटरांहून अधिक. गल्लीत ती वाऱ्यासारखी पळे. आमच्या हाताची वाहवा झाली.

वाचकहो, त्याच वेळी दुकानातील पत्र्याच्या पेटीत २२ दात्यांचे एक नवे फ्रीव्हील पडून होते. मालाच्या पेडल-लारीसाठी आणलेले. चढावर हेच हवे, हे आम्हांस पक्के ठाऊक होते. गोण्या लादलेल्या लाऱ्या पुलावर चढविण्याकरिता तेच तर आम्ही रोज बसवीत असू. आदल्या रात्री ते हातात घेतले. पण घाटाच्या राजाला लारीचे फ्रीव्हील? पोरे हसली असती, आणि जिभाऊंपेक्षा आमच्या कारागिरीला अधिक हसली असती. आम्ही ते परत पेटीत टाकले. जिभाऊंना विचारलेही नाही.

यातील विनोद असा की जिभाऊ स्वतः लूमवर रोज हेच काम करीत. मागावर कापडाच्या इंचात आडवे धागे किती बसावेत हे एका दातेरी चाकावर ठरते. कापड बदलले की ते चाक बदलावयाचे. झिरझिरीत कापडाचे चाक लावून दाट कापड निघत नाही, हे त्यांना आमच्याहून चांगले कळत होते. सायकलीचे मात्र त्यांनी धाकट्या भावावर सोपविले होते.

बारडोली, व्यारा, उनाई करीत वघईपर्यंत मजेत गेलो. तेथून रस्ता डांगच्या जंगलात शिरतो आणि शामगहानच्या पुढे खरा घाट लागतो. आंगलिरूच्या मानाने तो अगदी बाळ. पण अठ्ठेचाळीस-सोळाला तोही पुरेसा होता. बाकीचे खाली उतरून सायकली ढकलू लागले. जिभाऊ उभे राहून पायडल मारीत होते. ताशी आठ किलोमीटरांस त्या गिअरवर मिनिटास वीस फेरे होतात. बावीसचे फ्रीव्हील आणि नेहमीचे ४४ चे चक्र असते तर तीस झाले असते. हा हिशेब आम्ही नंतर किती वेळा केला असेल, सांगता येत नाही. एका आडव्या वळणावर सायकल जागच्या जागी थबकली. त्यांनी पडता पडता डावा पाय टेकला, सायकल उजवीकडे गेली, अंग डावीकडे, आणि गुडघा मधल्यामध्ये पिळवटला. आवाज आम्ही दहा पावलांवरून ऐकला.

दर्शन झाले नाही. एका ट्रकमधून परत आलो. गुडघ्यातील गादी फाटली असे पुढे निदान झाले. शस्त्रक्रियेचे पैसे तेव्हा आमच्यापाशी नव्हते. जिभाऊ दोन महिन्यांनी पुन्हा खात्यात उभे राहिले, आणि त्या पायावर आणखी सव्वीस वर्षे बारा-बारा तास उभे राहिले. शर्यतीचे नाव पुन्हा काढले नाही. सायकल आमच्या दुकानातूनच विकली गेली. “दम कमी पडला,” एवढेच ते लोकांना सांगत, आणि आम्ही जवळ उभे राहून ऐकत असू.

नातीस आम्ही चौतीसची कॅसेट बसवून दिली. जिभाऊ दोन दिवस कुरकुरले. “मी अठ्ठेचाळीस-सोळावर गेलो होतो,” असे त्यांनी तिला सांगितले. त्यात तक्रार होती की अभिमान, ते कळले नाही. तिने विचारले, “मग आबा, वर पोहोचलात?” जिभाऊंनी पाय थोडा आत ओढून घेतला आणि गिऱ्हाईकास वाट दिली.

होळीनंतरच्या रविवारी मुली निघाल्या. मागून पुतण्याचा टेम्पो, त्यात पाण्याचे कॅन, एक जादा चाक आणि आम्ही दोघे म्हातारे. शामगहान मागे पडल्यावर जिभाऊ गप्प झाले. नात पुढे होती. पाय भराभर फिरत होते, सायकल धीमी पण सरळ चालली होती, डोके हलत नव्हते. त्या वळणाच्या अलीकडे ती थांबली, पाय टेकून निवांत पाणी प्याली, मैत्रिणीशी काहीतरी बोलून हसली आणि पुन्हा निघाली. पाय टेकल्याचे तिला काहीच वाटले नाही. जिभाऊंनी आमच्याकडे पाहिले. आम्ही बाहेर पाहिले.

वर तलावापाशी ती चहा सांगावयास गेली तेव्हा सायकल टेम्पोला टेकवून ठेवलेली होती. जिभाऊ लंगडत तिच्याजवळ गेले, कसेबसे वाकले, आणि सर्वांत मोठ्या चक्रीवरून बोट फिरवीत दाते मोजू लागले. मोजताना चुकले, पुन्हा आरंभापासून मोजले.

“चौतीसच आहेत,” ते म्हणाले. मग आमच्याकडे न पाहता म्हणाले, “त्या वखती असं काही मिळत होतं का रे?”

“चौतीस नव्हतं, जिभाऊ. बावीसचं होतं.”

“कुठे?”

“आपल्या पेटीत. लारीसाठी आणलेलं. आदल्या रात्री हातात घेतलं होतं मी.”

जिभाऊ बराच वेळ सायकलीकडे पाहत राहिले. मग सरळ उभे राहण्यासाठी त्यांनी आमच्या खांद्याचा आधार घेतला आणि आपले तेलाने काळे झालेले बोट आमच्या पांढऱ्या सदऱ्यास, छातीवर, सावकाश पुसले. एकदा पुसून ते स्वच्छ झाले नाही म्हणून दुसऱ्यांदा पुसले.

“चल,” ते म्हणाले, “पोरीने चहा सांगितलाय.”